मदत हवी आहे : फ्लेवर्ड चहा चाखताना पाणी कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी, मी लातूरची. अर्ल ग्रे (बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाच्या वासाचा काळा चहा), जस्मिन ग्रीन टी आणि वेलची चहा घरी शेजारी शेजारी ठेवून चाखायचेत, तिन्ही बिनदुधाचे. कपाला 2 ग्रॅम पत्ती. काळ्या चहाला उकळतं पाणी, ग्रीन टीला साधारण 80 अंश, एवढं ठरलंय. अडचण पाण्याची. आमच्या बोअरचं पाणी फार जड. चहावर तवंग धरतो, कपाला तपकिरी कड चिकटते आणि अर्ल ग्रेमधल्या बर्गमोटचा लिंबासारखा वास पार दबून जातो. आरओच्या पाण्यात वास छान खुलतो, पण चहा मला पांचट लागतो. दोन्ही पाणी मिसळून कुणी बघितलंय का? किती प्रमाणात? जस्मिन नाजूक, म्हणून तो आधी घ्यावा असं मला वाटतं. वेलचीची चव मात्र जिभेवरून लवकर हटत नाही, त्यावर काय खाता?