गिटार: आघात ठोक्याच्या मधे आला की पाय घसरतो

रामबागवाला
दीड वर्ष गिटार शिकतोय. सरळ स्ट्रमिंग व्यवस्थित होतं. पण सिंकोपेशन आलं, म्हणजे आघात दोन ठोक्यांच्या मधे पडला, की माझा पायही तिथेच आपटतो. दोन आवर्तनांत तोच अप-स्ट्रोक (हात वर जाताना वाजणारा) मला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, वाटायला लागतो आणि गाणारी ताई थांबून माझ्याकडे बघते. गणपतीत वाड्यात तिच्या साथीला बसायचंय. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ८० ठोक्यांवर असतो. काय करू?

सहातारी
उजवा हात थांबत असणार. आवाज नको तिथेही हात खाली-वर जातच राहिला पाहिजे, फक्त तारांना न लागता. कॉर्ड न धरता डावा हात तारांवर नुसता टेकव. मग फक्त ‘छक’ ऐकू येतं आणि हात कुठे अडतो ते लगेच कळतं. आणि ६० वर ये.

तबल्याचे काका
मी तबलेवाला, गिटार नात वाजवते. नाना पानसे इथल्याच, इंदूरच्या होळकर दरबारात पखवाज वाजवायचे; त्यांच्या गावात राहून पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, का सोडायची? गिटार बाजूला ठेव आणि तोंडाने म्हण: तकिट तकिट तक. आठ मात्रा. पाय १, ३, ५, ७ वर. ‘त’ येतो १, ४ आणि ७ वर. पहिला आणि शेवटचा पायावर, मधला मात्र पाय उचललेला असताना. सगळी गोम त्या मधल्या ‘त’ची. तो पायाला खाली ओढतो, ओढू द्यायचं नाही. नातीला रोज जेवणाआधी दहा मिनिटं हेच म्हणायला लावलं. चौथ्या दिवशी तिचा पाय सुटा झाला. मग हातात घे: १ डाउन, ४ अप, ७ डाउन.

रामबागवाला
काका, आठवडाभर राजवाड्यापर्यंत चालताना पावलांवर म्हटलं. मधला ‘त’ पाऊल हवेत असताना येतो, हे अंगाला कळलं! ६० वर गिटारवरही बसलं. आता एकच अडतंय. एका गाण्यात कॉर्ड आठव्या मात्रेलाच बदलते आणि १ वर काहीच वाजत नाही. तिथे परत घसरतो.

तबल्याचे काका
शाब्बास. तिथे सम हाताने नाही, पायाने द्यायची. आठव्याच्या अपला नवी कॉर्ड वाजव, तारा गुंजू देत, आणि १ वर हात तारांना न लागता खाली जाऊ दे. ताईला समेवर टाळी द्यायला सांग. तिची टाळी आणि तुझा पाय एकदम पडेपर्यंत लय वाढवू नकोस.