डॉज डब्ल्यूसी-५१: बाकांच्या लाकडी पट्ट्या वाचवायच्या की बदलायच्या?

प्रश्न:
दुसऱ्या महायुद्धातली डॉज डब्ल्यूसी-५१ (अमेरिकी लष्कराचा छोटा ट्रक) आहे. मागच्या घडीच्या बाकांच्या पट्ट्या करड्या पडल्यात, टोकांना चिरा आहेत, बोल्टांभोवती लाकूड मऊ लागतं. घासून वार्निश मारलं तर टिकेल का?

प्रतिसाद १:
वार्निशच्या फंदात पडू नका. उन्हात त्याचे पापुद्रे निघतात, आणि या पट्ट्यांना मुळात बिनचमकीचा ऑलिव्ह रंगच असे. आधी टोच्याने टोचून बघा. सहज आत गेला तर तेवढा भाग कुजलाय. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून मास्क लावून पाण्याने ओलं घासा. वाळल्यावर ८० नंबरचा सँडपेपर, मग १२०. त्याहून गुळगुळीत केलं तर प्रायमर (रंगाआधीचा थर) नीट धरत नाही.

प्रतिसाद २:
खरा घात बोल्टच्या भोकात होतो, पाणी तिथूनच मुरतं. पट्टी सावलीत पूर्ण वाळवा, ओल १५ टक्क्यांखाली हवी. मऊ लाकूड कोरून काढा, भोक ३-४ मिमी मोठं करा, इपॉक्सीने (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाने) भरा आणि पक्कं झाल्यावर मूळ मापाने पुन्हा पाडा. टोकच गेलं असेल तर १:८ उताराचा तिरका जोड द्या, म्हणजे काप पट्टीच्या जाडीच्या आठपट लांब. सरळ कापून जोडलेलं टोक माणूस बसताच सुटतं.

प्रतिसाद ३:
जोडाला सागवान वापरणार असाल तर चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसा, सागाचं तेल गोंद धरू देत नाही. रंग मात्र पट्टी खोलूनच, सगळ्या बाजूंनी. टोकांना प्रायमरचे दोन हात जादा. नुसती वरची बाजू रंगवली की खालून ओल शिरते आणि पट्टी वाकते.