वसई एका दिवसात: किल्ला, सोपारा, अर्नाळा... काय बघू, काय सोडू?

मृदगंध
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत पुण्याहून विरारला नणंदेकडे येतोय. त्यातला एक दिवस वसईसाठी राखून ठेवलाय. सोबत सासूसासरे आहेत. सासऱ्यांना इतिहासाचं वेड, सासूबाईंचे गुडघे मात्र कुरकुरतात. शिवाय चौथीतलं एक वादळ आहेच. वसईचा किल्ला, नालासोपाऱ्याचा स्तूप, अर्नाळ्याचा किल्ला आणि एखादा समुद्रकिनारा अशी यादी केलीय. जमेल का? जेवणाखाण्याचंही सुचवा.

पापडीकर
जमवलंत तर जमेल, पण मग दिवसभर रिक्षातच बसाल. अर्नाळा आधी काटा. तो किल्ला बेटावर आहे, होडीने जावं लागतं आणि चढता-उतरताना पाण्यात पाय घालावा लागतो. गुडघेवाल्यांचं ते काम नाही.

वसईच्या किल्ल्याला मात्र अर्धा दिवस द्या. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेहून बस आणि रिक्षा मिळतात. किल्ल्याच्या आतून डांबरी रस्ता थेट बंदरापर्यंत जातो, त्यामुळे काकूंना टप्प्याटप्प्यावर उतरवता येईल. उन्हं चढायच्या आत पोचा.

बोरिवलीचा_बंड्या
किल्ला किल्ला काय करताय? पडक्या भिंती, माजलेलं रान आणि दर दुसऱ्या कमानीखाली प्री-वेडिंगवाले. त्यापेक्षा सरळ राजोडीला जा, वाळूत बसा, मासे खा.

तोफखाना
बंड्याभाऊ, प्री-वेडिंगवाल्यांचं पटलं, बाकीचं नाही. काय बघतोय हे माहीत नसेल तर रायगडावरही पडक्या भिंतीच दिसतात.

मृदगंध, सासऱ्यांसाठी लिहितो, जरा लांबेल. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये तह करून वसई पोर्तुगिजांना दिली. पुढची दोनशे वर्षं गोव्याच्या वरच्या अंगाला त्यांचं मुख्य ठाणं हेच. तटाच्या आत नुसती शिबंदी नव्हती, अख्खं शहर होतं. त्यात वेगवेगळ्या पंथांची चर्चेस आणि मठ होते, जेझुइटांचं कॉलेज होतं, बाजार होता.

फ्रान्सिस्कन चर्च चुकवू नका. छप्पर कधीच गेलंय, पण खाली बघून चाला. जमिनीतल्या शिळा म्हणजे थडगी आहेत. त्यांवर घराण्यांची मानचिन्हं आणि पोर्तुगीज अक्षरं कोरलेली आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात ती नीट उठून दिसतात, दुपारी सगळं सपाट वाटतं. पोराला तिथे सोडा आणि अक्षरं शोधायला लावा, अर्धा तास गप्प बसेल.

मग सेबॅस्टियन बुरूज. चिमाजी आप्पांच्या फौजेने मे १७३९ मध्ये सुरुंग लावून तिथे खिंडार पाडलं, तरी पोर्तुगीज आत शिरू देईनात. माणसं दोन्हीकडची खूप पडली. शेवटी त्यांनी शरणागती पत्करली आणि आप्पांनी त्यांना बायकापोरांसह, मानाने जाऊ दिलं. इथल्या चर्चच्या घंटा मग महाराष्ट्रभर देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची आणि भीमाशंकरची घंटा बघितली असेल तर ती इथली.

आणि तुम्ही डिसेंबरातच येताय म्हणून सांगतो, दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो ३१ डिसेंबर १८०२ ला, वसईतच. १७३९ पासूनच्या त्रेसष्ट वर्षांत काय कमावलं आणि काय घालवलं, हा विषय सासऱ्यांपुढे काढा आणि बाजूला व्हा.

सुकेळी
तोफखाना यांची वसई १८०२ ला संपते, नेहमीसारखी 🙂 अहो, तटाबाहेर माणसं राहतात.

किल्ल्यातच संत गोन्सालो गार्सियांच्या नावाचं चर्च आहे. वडील पोर्तुगीज, आई इथली, जन्म वसईचा. १५९७ मध्ये जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं आणि १८६२ मध्ये संतपद मिळालं. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत. आमच्याकडे अजून घराघरात त्यांचं नाव घेतात.

दुपारी बंदराच्या बाजूला पाचूबंदरला चक्कर मारा. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील वाळत घातलेले दिसतील. वास सोसवत नसेल तर रिक्षा थांबवू नका. मग गिरीज, भुईगाव, नंदाखाल असं वाड्यांच्या रस्त्याने वर सरका. दोन्ही बाजूंना केळी, पानवेली, फुलझाडं, मधे विहिरी. बागा आता घटल्यात, इमारती वाढल्यात, तरी आहे अजून बरंच. नाताळात गावोगाव येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे सजवलेले असतात, ते संध्याकाळी दिवे लागल्यावरच बघा. कानावर इथली कादोडी बोली पडली तर लक्ष देऊन ऐका, बरंचसं कळेल.

आणि सुकेळी घ्याच. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, साखरेचा कण नाही. रंग मधासारखा हवा आणि बोटाने दाबल्यावर मऊ लागायला हवी. काळी, कडक दिसली तर सोडून द्या. आगाशीकडे विचारा.

मृदगंध
अर्नाळा काटला! पण सोपाऱ्याचं कोणीच बोललं नाही. सासरे विचारतायत.

तोफखाना
अपेक्षा बेताची ठेवून जा. गावात त्याला बुरूड राजाचा कोट म्हणतात. आज उरलाय तो विटांचा उंचवटा. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो खणला तेव्हा आत दगडी करंडक आणि बुद्धमूर्ती मिळाल्या, त्या मुंबईला एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडाही मुंबईतच, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. म्हणजे सोपारा बघायचा तर खरा मुंबईत. तरी विरारला परतताना वाट फार वाकडी होत नाही, वीस मिनिटं थांबा.

पापडीकर
किनारा हवाच असेल तर किल्ल्याजवळचं सुरुची बाग बरं, सुरूची सावली आहे. पण पोराला पाण्यात सोडू नका. आणि गाडी घेऊन फिरणार असाल तर भाईंदर-वसई रो-रो आहे, २०२४ पासून गाडीसकट खाडी ओलांडता येते. तुम्हाला गरज नाही, पण चिरंजीवांना किल्ल्यापेक्षा तेच आवडेल.

बोरिवलीचा_बंड्या
मासे कुठे खायचे ते अजून कोणी सांगितलं नाही, नोंद घ्यावी.

सुकेळी
पाचूबंदरचा वास सहन झाला तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मग सांगते.