मदत हवी आहे: ब्रिटिश शॉर्टहेअरचं खात्रीचं पिल्लू

आम्हाला ब्रिटिश शॉर्टहेअर जातीच्या मांजराचं पिल्लू घ्यायचंय, शक्यतो निळसर राखाडी. राहतो कोथरूडला, खिडक्यांना जाळ्या बसवून झाल्यात. बजेट 60,000 पर्यंत. घरात नसबंदी झालेला देशी बोका आहे, दत्तक घेतलेलाच.

दोन ठिकाणी जाऊन आलो. एकाकडचं पिल्लू जेमतेम 40 दिवसांचं, डोळ्यांच्या कोपऱ्यात चिकट घाण, आणि आई दाखवायला माणूस तयार नाही. फार वाईट वाटलं. दुसऱ्याकडचं पर्शियन मिश्र वाटलं, शेपटीचे केस लांब, फुललेले. ‘आधी पैसे पाठवा, पिल्लू बसने येईल’ म्हणणारे तर नकोतच. 12 आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू घेणार नाही, मग वर्षभर थांबावं लागलं तरी चालेल.

या जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, एचसीएम, आढळतो. म्हणून आईबापाचा इको (हृदयाची सोनोग्राफी) झालेला हवाच; पीकेडीची, म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी होणाऱ्या आनुवंशिक आजाराची, डीएनए चाचणीही असेल तर उत्तम. विचारलं की सगळे लसीकरणाचं कार्ड पुढे करतात!

पुणे-मुंबई-नाशिककडे असे रिपोर्ट दाखवणारा ब्रीडर कुणाच्या स्वतःच्या अनुभवातला आहे का? आणि वंशावळीचा कागद त्याच पिल्लाचा आहे, हे कातडीखाली बसवलेल्या ओळख-क्रमांकाच्या मायक्रोचिपवरून कसं ताडून बघायचं?