लॉटरी : बंदीपेक्षा सोडतींवर लगाम हवा

लॉटरी हा गरिबाला लुटणारा जुगार असल्याने तिच्यावर सरसकट बंदी घालावी, असे जे म्हटले गेले ते मला अर्धेच पटते. परभणीच्या मोंढ्यात हमाली करणारे आमचे एक शेजारी तिकीट घडी करून बंडीच्या खिशात जपत; ते मिळेनासे झाल्यावर तेच पैसे मटक्याच्या चिठ्ठीवर जाऊ लागले, जिथे ना हिशेब, ना दाद. राज्याची लॉटरी १९६९ पासून आहे. १९९८ च्या केंद्रीय कायद्याने एकाच अंकावर ठरणाऱ्या बक्षिसांना आणि आठवड्यात एकाहून अधिक सोडतींना मनाई केली खरी, पण ती एकेका लॉटरीपुरतीच असल्याने सात नावांनी सात दिवस सोडत काढता येते, आणि रोजंदारीवाल्याला (मजुरी हातात पडते त्याच संध्याकाळी) मोह पडतो तो इथेच.