परदेशात, दुसऱ्या देशाच्या जोडीदारासोबत सामाजिक उद्योजकतेचा अभ्यास : तुमचे अनुभव

सामाजिक उद्योजकता म्हणजे एखादा सामाजिक प्रश्न सोडवण्यासाठी उद्योग चालवणं. या विषयावर बाहेरदेशी जाऊन काम करणाऱ्यांना बहुधा तिथलाच एखादा विद्यार्थी जोडीला मिळतो. अहवालात त्याच्या वाट्याला एकच ओळ येते : ‘मोलाचे सहकार्य लाभले.’ त्या ओळीमागे काय काय घडतं, ते इथे लिहा. सुरुवात मीच करते.

मी मुंबईची, जोडीदारीण ढाक्याची. विषय बांगलादेशातल्या बोगुराचा ग्रामीण-दानोन दही कारखाना, म्हणजे तिथला ग्रामीण समूह आणि दानोन ही फ्रेंच दुग्धकंपनी यांचा. २००६ साली सुरू झालेला हा प्रकल्प. कुपोषित मुलांसाठी लोह, जस्त, आयोडीन आणि अ जीवनसत्त्व घातलेलं ‘शक्ती दोई’ बनवायचं आणि गावातल्या बायकांनी ते कमिशनवर दारोदार विकायचं. मी किमतीचा मुद्दा धरून बसले होते. २००८मध्ये दूध महागलं, पाच टकांच्या (टका हे तिथलं चलन) कपाचा भाव वाढवला आणि खेड्यांतली विक्री कोसळली. हे वाचूनच गेले होते, त्यामुळे प्रश्नावलीही तशीच. ती म्हणाली, “दीदी, बोगुरात येऊन दह्याचा नुसता भाव विचारतेस?” बोगुराचं मातीच्या भांड्यातलं गोड दही अख्ख्या बांगलादेशात नावाजलेलं. साताऱ्यात जाऊन पाकिटातले पेढे विकण्यासारखंच की हे! मग चवीचे प्रश्न घातले. शिवाय कप कोणासाठी घेतला आणि कोणी खाल्ला, हेही विचारायला लागलो. आम्ही गेलो त्या घरांत कप भावंडांत वाटला जायचा. कधी आजीही दोन चमचे घ्यायची. म्हणजे किती कप खपले यावरून एका मुलाच्या पोटात किती लोह गेलं, ते काही कळत नाही. आमच्या अहवालातलं कामाचं काही असेल तर एवढंच, आणि ते तिच्यामुळे.

नैरोबीत राहून आलेला एक पुणेकर :
आमचा विषय मुकुरू वस्तीतली ‘फ्रेश लाइफ’ शौचालयं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला उद्योग. तेव्हा वस्तीतलाच माणूस शौचालय विकत घ्यायचा, वापराचे पैसे आकारायचा. मैला डब्यांतून उचलून नेतात आणि त्याचं खत, त्यावर वाढवलेल्या अळ्यांपासून जनावरांचं खाद्य वगैरे करतात. जोडीदार केनियाचा, शेंग बोलीत (स्वाहिली-इंग्रजीची तिथली मिसळ) सहज गप्पा मारणारा. माझी इंग्रजी प्रश्नावली त्याने पहिल्याच दिवशी घडी घालून खिशात ठेवली. पैसे कुठून उभे केले, याला कागदावर ‘बचत’ असं उत्तर यायचं. त्याने विचारलं की ‘चामा’ निघायचा, म्हणजे आपली भिशी. पुढचे हप्ते एम-पेसावरून, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या तिथल्या सेवेतून. एका काकूंनी मात्र आधी आम्हालाच विचारलं, मागच्या वर्षी आलेल्या पोरांनी काय लिहिलं आमच्याबद्दल? आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं. ज्यांना आधीच दहा जणांनी विचारून झालंय, त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नये, असं माझं मत झालंय.

इचलकरंजीची, सध्या इटलीत :
इथे १९९१च्या ३८१ क्रमांकाच्या कायद्याने सामाजिक सहकारी संस्था मान्य केल्या. त्यातल्या ‘ब’ प्रकारात किमान ३० टक्के कामगार अपंग, व्यसनमुक्त झालेले, मानसिक आजारातून उठलेले असे लागतात. माझा इटालियन जोडीदार कायद्यात मुरलेला. मी साखर कारखान्यांच्या निवडणुका बघत वाढलेली, त्यामुळे माझा पहिला प्रश्न : संचालक मंडळाची निवडणूक कधी, आणि पॅनेल किती? तो हसत सुटला. पण सभासद आहेत तर मत आहे, मग हे ३० टक्के लोक सभेला येतात का, बोलतात का? हे त्यालाही सांगता येईना. आता प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण त्यावरच आहे.

नाव नको :
सगळं गोड वाटतंय म्हणून लिहितो. मुलाखती, भाषांतर, उन्हातली पायपीट, सगळं माझ्या स्थानिक जोडीदाराने केलं आणि निबंधावर नाव आलं माझं नि माझ्या मार्गदर्शकांचं. त्याचं आभारात. मी बोललो तेव्हा मार्गदर्शक ‘असंच असतं’ म्हणाले. जाण्याआधीच दोघांनी लेखी ठरवा : लेखक कोण, कोणाचं नाव आधी, मुलाखतींच्या ध्वनिफिती कोणाकडे राहणार, आणि स्थानिक जोडीदाराला दिवसाचे पैसे किती. मार्गदर्शकांची सही घ्या त्यावर.

मुंबईची (धागाकर्ती) :
ध्वनिफितींचं आम्हीही ठरवलं नव्हतं. त्या सगळ्या माझ्याच लॅपटॉपवर आहेत. आज तिला पाठवते. असा करारनामा कोणी केला असेल तर त्यातली कलमं इथे टाका.