शहरातल्या मोठ्या हॉटेलात ऋतूचं जेवण, दुपारचा चहा: तुमचे अनुभव लिहा

आमचं गाव वरुड तालुक्यातलं, बाग संत्र्याची. मागच्या हिवाळ्यात लेकानं आम्हा दोघांना मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात दुपारच्या चहाला नेलं. एकावर एक तीन ताटल्यांचा स्टँड आला. खाली काकडीचे सँडविच, मधे स्कोन म्हणजे लहान गोल पावासारखे, वर गोड. स्कोनसोबत घट्ट साय आणि चिमुकल्या बरणीत मार्मालेड, म्हणजे संत्र्याचा सालीसकट मुरंबा. चमचा उजेडात धरला तर सालीच्या सुतासारख्या काड्या दिसल्या. तीस वर्षं बागेवाल्यांच्या घरात आहे, पण सालीला मी कधी हा मान दिला नव्हता. वाढणारी मुलगी म्हणाली, याला मुळात स्पेनमधल्या सेव्हिलची आंबट-कडू संत्री लागतात. आपलं नागपुरी सैल सालीचं आणि गोड. तरी घरी येऊन केलंच. साल दोनदा उकळून पाणी फेकलं, साखर कमी घातली, लिंबू पिळलं. पहिला घाणा पातळ राहिला, दुसरा जमला.

आपल्याकडची किती तरी माणसं लेकरांमुळे अशा ठिकाणी जाऊन येतात आणि गावात आल्यावर त्याबद्दल बोलत नाहीत. काय आवडलं, काय खटकलं, मोकळेपणानं लिहा.

वाशीम जिल्हा, शिक्षक

मला खटकलेलं सांगतो. शहरातल्या एका हॉटेलात जानेवारीत खास हिवाळी थाळी होती. भरीत उत्तम, जवसाची चटणी तर घरच्यासारखी. पण हुरडा वाटीत आला, गार आणि चामट. मनापासून वाईट वाटलं. ज्वारीचा दाणा दुधाळ असतो तो थोडेच दिवस, पुढं त्यातली गोडी जाऊन तो पिठूळ होतो. कणीस गोवऱ्यांच्या आरात भाजायचं, तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हाताला चटका बसत असतानाच तोंडात टाकायचं. आर आणि तोंड यांच्यात चार पावलांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. हॉटेलनं हिरवळीवर आर पेटवला तर मी स्वतःच्या पैशानं पुन्हा जाईन.

यवतमाळ जिल्हा

आईला घेऊन गेले होते. किटलीतला चहा पाहून ती म्हणाली, "बाई, दूध टाकाचं राह्यलं वाट्टे." मग दोन घोट घेतले आणि म्हणाली, "तुरट हाय, पन वास मस्त हाय." कापूस वेचणाऱ्या बायांसाठी तीन वाजता किटली घेऊन वावरात जाणारी माझी आई त्या दिवशी पहिल्यांदा दुपारचा चहा बसून प्यायली. बिल आमच्या महिन्याच्या किराण्याएवढं झालं. मला त्याचं काही वाटलं नाही.

साकोलीचा, सध्या पुण्यात हॉटेलात नोकरीला

काकू, तो स्टँड रोज मीच मांडतो. खालून वर खात जायचं, तिखट-खारट आधी, गोड शेवटी. ही पद्धत इंग्लंडातली. १८४०च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस अॅना यांनी ती रूढ केली असं सांगतात. रात्रीचं जेवण उशिरा होई आणि मधे भूक लागे. आपल्याकडे याला सर्रास हाय टी म्हणतात, पण तिकडे हाय टी म्हणजे कामकऱ्यांचं संध्याकाळचं पोटभर खाणं. हे शिकलो तेव्हा मला भाताच्या रोवणीहून परतलेली आई आठवली.

यवतमाळच्या ताई, तो चहा बहुधा दार्जिलिंगचा असावा. त्याचा पहिला तोडा साधारण मार्च-एप्रिलचा, रंग फिका, वास फुलासारखा. दुसरा मे-जूनचा, रंग आणि चव जरा गडद. पहिल्या तोड्याला दोन-तीन मिनिटं पुरतात, जास्त ठेवला तर कडवटतो. पाहुणे घाईत असले की मीच सांगतो, अजून एक मिनिट थांबा.

वरुडहून पुन्हा

म्हणजे चहालाही बहार असतात! यांना वाचून दाखवलं तर लगेच म्हणाले, आपले संत्र्याचे दोन बहार, आंबिया आणि मृग, तसंच. आंबियाची फळं दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चात, आणि दोन्हींच्या चवीत फरक असतोच. यंदा मार्मालेड मृगाच्या फळांचं करणार आहे. साकोलीच्या दादा, तुमच्या आईसाठी एक बरणी वेगळी काढून ठेवीन. पुण्याहून गावी जाल तेव्हा कळवा.